ग्वांगझूला मोठं कुणी केलं: नदीनं, फर्मानानं की उधारीनं?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सुकाणू

चीनच्या बंदरांचा विषय निघाला की गाडी शांघायवर जाऊन थांबते. पण शांघाय मोठं झालं ते इंग्रजांशी झालेल्या अफूच्या युद्धाअखेरच्या, १८४२ च्या नानजिंगच्या तहानंतर. त्याआधी दोन हजार वर्षं दक्षिणेचा दरवाजा होता तो ग्वांगझू, म्हणजे जुन्या पुस्तकांतलं कँटन. माझं म्हणणं असं की हे बंदर भूगोलानं घडवलं. राजघराणी आली आणि गेली, शहर दोनदा-तीनदा बेचिराख झालं, तरी जागा हलली नाही.

नकाशा समोर ठेवा. पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा तीन नद्या जिथं एकत्र येतात त्या त्रिभुज प्रदेशाच्या डोक्यावर हे शहर बसलंय. इ.स.पू. २१४ मध्ये छिन सम्राटाच्या रेन श्याओ या सेनापतीनं इथं पानयूची (या शहराचं जुनं नाव) तटबंदी उभारली. त्याच सुमारास उत्तरेला लिंगछू कालवा खोदला गेला. जेमतेम ३६ किमी लांब, पण त्यानं यांगत्सेच्या खोऱ्यातली श्यांग नदी आणि दक्षिणेकडे वाहणारी ली नदी जोडली. सैन्यासाठी धान्य आणायला खोदलेली ही वाट पुढं व्यापाराची झाली. छिन घराणं कोसळल्यावर झाओ तुओनं इथंच नानयूचं राज्य उभं केलं. त्याच्या नातवाची, झाओ मोची कबर १९८३ मध्ये सापडली. तीत रेशमी दोऱ्यानं ओवलेल्या २,२९१ जेड तुकड्यांचा पोशाख होता, शिवाय इराणी घडणीची चांदीची डबी, लोबान आणि आफ्रिकी हत्तीचे सुळे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हा माल समुद्रानं इथवर पोचत होता, आणि त्या काळी माल इथंच आणा असं फर्मान काढायला कुठला दरबार बसला नव्हता. १९७४ मध्ये तर शहराच्या मध्यात छिनकालीन जहाजबांधणीचा कारखानाच सापडलाय.

तांग घराण्याच्या काळात ७१६ साली झांग जिउलिंगनं मेइलिंग खिंडीतला रस्ता रुंद केला. मग ग्वांगझूचा माल उत्तर नदीनं नानश्योंगपर्यंत, तिथून चाळीसेक किमी हमालांच्या खांद्यावरून खिंडीपार, पुढं गान नदीत, यांगत्सेत आणि राजकालव्यानं थेट राजधानीकडे. एवढा लांबचा प्रवास आणि मध्ये खुष्कीचा टप्पा एकच. असं दुसरं बंदर दक्षिण चीनमध्ये दाखवा.

कागदपत्री

माहिती चांगली जमवलीय, निष्कर्ष मान्य नाही.

भूगोल दोन हजार वर्षांत फारसा बदलला नाही, पण बंदराचं नशीब कितीदा तरी पालटलं. सुंग घराण्यानं ९७१ मध्ये ग्वांगझू जिंकलं आणि त्याच वर्षी तिथं सागरी व्यापाराची कचेरी उघडली. परदेशी माल घेऊन आलेल्या जहाजानं त्या कचेरीतूनच जायचं, वाटा द्यायचा आणि काही जिनसा सरकारलाच विकायच्या. फूच्येन किनाऱ्यावरच्या छुआनझूकडे १०८७ पर्यंत ही कचेरी नव्हती. ती मिळाल्यावर दक्षिण सुंग आणि युआन काळात छुआनझूनं ग्वांगझूला मागं टाकलं. मार्को पोलोनं ज्याचे गोडवे गायले ते झैतून म्हणजे हेच छुआनझू. तमिळ व्यापाऱ्यांनी १२८१ चा तमिळ-चिनी शिलालेख कोरला तोही तिथंच. त्या काळात ग्वांगझूच्या तीन नद्या आटल्या होत्या का?

पुढं मिंग घराण्यानं १३७१ मध्ये खासगी समुद्रप्रवासावर बंदी घातली आणि खंडणी घेऊन येणाऱ्या देशांची वाटणी केली: जपाननं निंगबोला जायचं, आग्नेय आशियातल्यांनी ग्वांगझूला. त्यानंतरच्या मंचू घराण्यानं १६८४-८५ मध्ये समुद्र खुला केला तेव्हा ग्वांगदोंग, फूच्येन, झज्यांग आणि ज्यांगसू अशी चार जकात ठाणी उघडली. चारांतलं एकच उरलं ते १७५७ च्या छ्येनलोंग बादशहाच्या हुकमानं. कँटनचं सोनेरी युग म्हणतात ते हेच, १७५७ ते १८४२. कागदानं सुरू झालं आणि कागदानंच संपलं.

आणि भूगोलाचंच बोलायचं तर चहा बघा. युरोपला हवा असलेला बोही चहा वूयी डोंगरांतला. फूझू बंदर त्या डोंगरांच्या पायथ्याच्या नदीवर. तरी तो चहा हमालांच्या पाठीवरून उत्तरेला डोंगर ओलांडून ज्यांगशीत, तिथून होडीनं गान नदी, मग तुम्ही सांगितलेली मेइलिंग खिंड, पुन्हा होडी, अशी दीड-दोन महिन्यांची वाट तुडवत ग्वांगझूला यायचा. व्यापाऱ्यांनी तो समुद्रानं आणायला सुरुवात केली तर १८१७ मध्ये दरबारानं तेही बंद केलं, कारण खिंडीच्या वाटेवरची जकात बुडत होती आणि गलबतांवर नजर ठेवता येत नव्हती. भूगोल एक सांगत होता, हुकूम दुसरंच करवून घेत होता.

भरतीओहोटी

दोघांच्याही मुद्द्यात एक गोष्ट राहिली. बंदर म्हणून ग्वांगझू चांगलं नव्हतंच. मोठ्या जहाजांसाठी तर वाईट होतं, आणि दरबाराला ते आवडायचं कारण तेच.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज इथं कसं यायचं ते क्रमानं बघू. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर जून ते सप्टेंबरमध्ये मकावच्या बाहेर नांगर पडायचा. तिथं चिनी वाटाड्या घ्यायचा, म्हणजे आपल्याकडचा अरकाटी. परवाना आल्याखेरीज तो जहाज हलवायचा नाही. मग हूमन, युरोपीय ज्याला बोका टिग्रिस म्हणायचे ती किल्ल्यांनी आवळलेली चिंचोळी खाडी. परवाना तपासून जकातीचे दोन शिपाई जहाजावर चढायचे आणि शेवटपर्यंत उतरायचे नाहीत. पुढं नदीत वाळूचे दोन मोठे दांडे. भरलेलं जहाज ऐन भरतीतच त्यावरून सरकायचं. वारा पडला तर डझनावारी सँपन होड्या भाड्यानं घेऊन जहाज ओढायचं, आणि उथळ जागी खूण म्हणून दोन्ही कडांना होड्याच उभ्या करायच्या, रात्र असेल तर कंदील लावून. भरती चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा. फार खोल बसलेलं जहाज असेल तर थोडा माल आधीच उतरवा.

एवढं करूनही शहर यायचंच नाही. नांगर पडायचा हुआंगपू उर्फ व्हाम्पोआला, शहराच्या सुमारे २० किमी खाली. तिथं जहाजाच्या पिछाडीला जकातीची होडी बांधलेली असायची. मग हॉप्पो, म्हणजे बादशहानं नेमलेला जकात अधिकारी, वाजतगाजत जहाज मोजायला यायचा. पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंत लांबी, मध्यावर रुंदी, दोन्हींचा गुणाकार, त्यावर दर. वर १,९५० ताएल 'नजराणा', म्हणजे सुमारे ७३ किलो चांदी. हा नजराणा जहाज लहान असो की मोठं, तेवढाच. त्यामुळं मोठ्या जहाजाला टनामागं कमी भार पडायचा आणि लहान जहाज आणणं परवडायचं नाही. कंपनीनं जहाजांचा आकार वाढवत नेला त्याला हेही एक कारण होतं.

माल उतरायचा तो सपाट होड्यांतून, वाटेत चौक्यांवर तपासणी देत, शहराच्या भिंतीबाहेरच्या परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारींपर्यंत. नदीकाठची सुमारे ३०० मीटरची पट्टी, बस. परत जाताना शेवटचा मोठा शिक्का मिळायचा तो एकूण एक देणं चुकतं झाल्यावर. शिक्का नाही तर वाटाड्या नाही, वाटाड्या नाही तर दांडे ओलांडता येत नाहीत. ईशान्य वारे फेब्रुवारीनंतर मंदावले की वर्ष फुकट. म्हणजे एक तोफ न डागता सगळं जहाज ओलीस.

१७५७ चा हुकूम याच नजरेनं वाचायला हवा. जेम्स फ्लिंट हा कंपनीचा माणूस १७५५ पासून निंगबोला जहाजं नेऊ लागला होता. बादशहानं आधी तिथली जकात वाढवून बघितली. मग निंगबोचा दरवाजा लावताना जे कारण दिलं त्याचा आशय असा: हूमन आणि हुआंगपूला ठिकठिकाणी सैन्य आहे, निंगबोला मात्र जहाज शीड उभारून थेट आत येऊ शकतं. चांगलं बंदर नाकारलं आणि अडवता येणारं निवडलं. त्यामुळं नदी की फर्मान हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नदीतली खोट हेरूनच फर्मान निघालं.

सुकाणू

भरतीओहोटी, जहाजाचं वर्णन उत्तम. पण हे कुलूप तुम्ही फक्त अठराव्या शतकातल्या जहाजांना लावलंय. तांग काळातली नदी बघा. पात्र तेव्हा कितीतरी रुंद होतं. शहरातल्या आजच्या बेइजिंग नावाच्या रस्त्याच्या थोडं दक्षिणेला काठ होता. त्या रस्त्याखाली तांगपासून विसाव्या शतकापर्यंतच्या रस्त्यांचे ११ थर २००२ मध्ये उकरून निघाले आणि आता काचेखाली दिसतात. जहाजं शहराला लागत होती. ७५० च्या सुमारास ज्यानझेन भिक्षू इथं आला तेव्हा नदीत भारतीय, इराणी आणि आग्नेय आशियाई जहाजांची दाटी होती आणि शहरात भारतीय भिक्षूंचे मठ होते. हुआइशेंग मशिदीचा ३६ मीटरचा मनोरा जहाजांना खुणेचा दिवा म्हणून वापरायचे, इतकं पाणी जवळ होतं.

आणि नदी अडवते म्हणता, तर ७५८ मध्ये काय झालं? अरब आणि इराणी लोकांनी शहर लुटलं, जाळलं आणि समुद्रानं निघून गेले. कुणी अडवलं नाही. ६८४ मध्ये आग्नेय आशियाई व्यापाऱ्यांनी राज्यपालाला त्याच्याच कचेरीत मारलं, तेही जहाजानं निसटले.

भरतीओहोटी

बरोबर, तांग काळाला माझा मुद्दा लागू नाही. जहाजं लहान होती, पात्र खोल होतं आणि हूमनला तेव्हा तोफा नव्हत्या. पण तुम्हीच सांगताय की काठ दक्षिणेला सरकत गेला. तीन नद्यांचा गाळ, त्यात लोकांनी बांध घालून भाताची खाचरं आणि तुतीच्या बांधांची मत्स्यतळी काढलेली. शहरासमोरचं हायझू नावाचं खडकाचं बेट १९३१ मध्ये काठाला मिळून दिसेनासंच झालं. ज्या भूगोलाला तुम्ही श्रेय देताय तोच बंदराला शहरापासून खाली ढकलत होता.

नांगरणी

छोटी दुरुस्ती. १९७४ चा 'छिनकालीन जहाज कारखाना' हा पुरावा म्हणून वापरू नये. समांतर मांडलेल्या जाड फळ्या आणि त्यावर लाकडी ठोकळे असं जे सापडलं त्याला जहाज घसरवायचा मार्ग म्हणणारे जसे आहेत तसेच ती राजवाड्याची लाकडी पायाभरणी आहे म्हणणारेही पुरातत्त्वज्ञ आहेत. नानयू राजवाड्याचे अवशेष पुढं नव्वदच्या दशकात तिथंच निघाले, त्यामुळं दुसऱ्या मताला वजन आलं. झाओ मोच्या कबरीतला माल पुरेसा बोलका आहे, तेवढ्यावर थांबा.

कागदपत्री यांनाही एक. १७५७ नंतर 'एकच बंदर उरलं' हे फक्त युरोपीय जहाजांपुरतं खरं. चिनी गलबतं शियामन आणि इतर बंदरांतून सयाम, बटाव्हिया, मनिलाला जातच होती. स्पॅनिश जहाजांना शियामनची मुभा होती, आणि रशियाचा व्यापार सीमेवरच्या क्याख्ताला खुष्कीनं. सगळा चीन कुलूपबंद होता असं चित्र शाळेच्या पुस्तकांनी रंगवलंय. ते चुकीचं आहे.

हिशेबनीस

नदी झाली, फर्मान झालं. पैशाचं कुणी बोलतच नाही. मला विचाराल तर ग्वांगझूचं खरं भांडवल म्हणजे तिथल्या हाँग व्यापाऱ्यांची, म्हणजे परदेशी व्यापाराचा सरकारी मक्ता असलेल्या चिनी व्यापाऱ्यांची पत.

प्रत्येक परदेशी जहाजाला एक जामीनदार हाँग व्यापारी लागायचा. जहाजाची जकात, खलाशांची वागणूक, सगळ्याला तो जबाबदार. १७८४ मध्ये 'लेडी ह्यूज' या खासगी जहाजानं सलामीची तोफ डागली आणि दोन चिनी माणसं मेली. व्यापार बंद झाला, वखारींना वेढा पडला, आणि तोफ डागणाऱ्या गोलंदाजाला हवाली केल्यावरच सुटका झाली. त्याला फासावर दिलं. अशा प्रसंगी जामीनदारालाही दंड, तुरुंग.

या लोकांच्या धंद्याची गोम अशी. चहा पिकतो डोंगरात आणि त्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते जहाज येण्याच्या कितीतरी महिने आधी. रोकड अपुरी, म्हणून हाँग व्यापारी परदेशी लोकांकडूनच कर्ज काढायचे, वर्षाला १२ ते २० टक्क्यांनी. वरून हॉप्पोच्या मागण्या, पेकिंगला पाठवायच्या भेटी, पुराच्या आणि लढायांच्या वर्गण्या. एखाद्या हंगामात लोकरी कापड खपलं नाही की बुडाले. १७८० मध्ये असे दोन व्यापारी कर्जापायी पार पश्चिमेला इलीला हद्दपार झाले. त्याच सुमारास सगळ्या हाँगांनी मिळून एक सामाईक निधी उभारला. व्यापारावर ३ टक्के पट्टी लावायची आणि त्यातून बुडालेल्या सदस्याचं परदेशी देणं फेडायचं.

हा निधी साधा नव्हता. न्यूयॉर्क राज्यानं १८२९ मध्ये बँकांसाठी जो सुरक्षा निधी केला त्याचा प्रस्ताव मांडताना जोशुआ फोरमननं कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांचंच उदाहरण दिलं होतं. आज आपल्याकडं बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून मिळते, त्या कल्पनेच्या पूर्वजांत ग्वांगझूचा हा निधी मोजावा लागतो.

त्याची खोटही सांगतो. सगळे मिळून फेडणार म्हटल्यावर परदेशी सावकार कमजोर व्यापाऱ्यालाही डोळे झाकून उधार देऊ लागले. चांगला व्यापारी वाईटाचं ओझं वाहत राहिला. वू बिंगज्यान, परदेशी ज्याला हौक्वा म्हणायचे, त्याची मालमत्ता १८३४ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर सांगितली जायची. १८४१ मध्ये इंग्रजांनी शहर वाचवायचे ६० लाख डॉलर मागितले तेव्हा एकट्या त्याला ११ लाख भरावे लागले. नानजिंगच्या तहातल्या २ कोटी १० लाख भरपाईतले ३० लाख हे निव्वळ हाँगांचं बुडीत कर्ज होतं. हे सगळं असूनही ८५ वर्षं लाखो पौंडांचा व्यवहार बहुतांशी तोंडी शब्दावर चालला. ही पत फूझूकडे नव्हती, निंगबोकडे नव्हती. नुसत्या फर्मानानं ती उभी राहत नाही.

माळवी

हिशेबनीस, पतीचं कौतुक करताना त्या पैशात काय मिसळलं होतं तेही लिहा. तो भाग आपल्या अंगणातला आहे आणि मराठी चर्चेत तो झाकून जातो म्हणून विस्तारानं लिहितोय.

ब्रिटननं १७८४ मध्ये चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणली. चहाची मागणी एकदम वाढली, आणि चीनला द्यायला चांदीखेरीज काही नव्हतं. आधी मुंबईहून गुजरातचा कापूस गेला. कापूस चीनमध्येही पिकायचा, त्यामुळं तिथलं पीक चांगलं आलं की मुंबईचा भाव पडायचा. अफूला ही अडचण नव्हती. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यातली. माळव्याची अफू मात्र इंदूर, उज्जैन, मंदसोर भागातली, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातली. तिथं कंपनीचा मक्ता चालेना. तिनं मुंबईचा रस्ता अडवला तर उंटांचे तांडे मारवाडातल्या पालीहून जैसलमेर, तिथून कराची आणि मग समुद्रानं पोर्तुगिजांच्या दमणला जायचे. शेवटी कंपनीनं हात टेकले. १८३०-३१ पासून पेटीमागं १७५ रुपये घेऊन मुंबईचा परवाना सुरू केला. तरी लोक दमणच वापरतात म्हटल्यावर १८३५ मध्ये दर १२५ वर आणला. सिंध १८४३ मध्ये ताब्यात आल्यावर आडवाट बंद झाली, आणि लगेच दर चढले: २००, मग ३००, १८४७ मध्ये ४००.

चीनमध्ये अफूवर बंदी होती. भरतीओहोटी म्हणतात त्या कुलपाला वळसा कसा घातला तर नदीत शिरायचंच नाही. १८२१ पासून नदीच्या मुखाबाहेर लिंतिन बेटाजवळ जुनी जहाजं तरंगती कोठारं म्हणून नांगरून ठेवली. सौदा वखारीत व्हायचा, चांदी तिथंच मोजली जायची आणि खरेदीदाराला चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी घेऊन त्याची पन्नासेक वल्ह्यांची होडी, 'वेगवान खेकडा' म्हणत तिला, लिंतिनला जाऊन पेट्या उचलायची. ती चांदी कंपनीच्या कँटनच्या खजिन्यात भरायची आणि बदल्यात लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची. कंपनी त्याच चांदीनं चहा घ्यायची. कागदावर कंपनीनं चीनमध्ये अफूची एक पेटीही विकलेली नाही.

मार्च १८३९ मध्ये अफू बंद करायला बादशहानं पाठवलेला अधिकारी लिन झशू आला आणि २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या. जाळल्या असं सर्रास लिहितात, ते चूक. अफू जाळली की वितळून जमिनीत मुरते आणि लोक माती खणून परत काढतात. म्हणून हूमनला सुमारे ४५ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद खंदक खणले, तळाला दगडी फरशी आणि कडेला लाकूड. पाणी सोडायचं, मीठ टाकायचं, गोळे फोडून भिजवायचे, मग कळीचा चुना. चुन्यानं पाणी उकळायला लागलं की मजूर फावड्यांनी ढवळायचे आणि ओहोटीला दार उघडून सगळं समुद्रात. ३ ते २५ जून असं हे चाललं.

त्या पेट्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल भरपूर होता. या जप्तीवरून पेटलेल्या युद्धानंतर मिळालेली ६० लाख डॉलरची भरपाई मालाच्या किमतीला पुरली नाही आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या त्यात खचल्या. जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारावरच मोठे झाले. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्याच संपत्तीतून आलं. व्हाम्पोआजवळच्या छांगझू बेटावर पारशांच्या कबरी अजून आहेत. ग्वांगझूला मोठं कुणी केलं असं विचारताना अफूच्या चिलमीशेजारी बसलेल्या तिथल्या लाखो माणसांचं काय झालं हा प्रश्न सोडता येणार नाही. याच माळव्यातून, उज्जैनहून, परमार्थ नावाचा बौद्ध पंडित ५४६ मध्ये ग्वांगझूला उतरला होता. तिथं ग्रंथांची भाषांतरं केली आणि ५६९ मध्ये तिथंच वारला. आपला माल म्हणून हीच एक गोष्ट अभिमानानं सांगता येते.

भरतीओहोटी

माळवी, लिंतिनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कुलूप आतल्या जहाजांना होतं. बाहेर उभ्या राहिलेल्याला ते काय अडवणार? आत शिरणाऱ्यांसाठीही ते तुटलं ते बोटीमुळं. 'नेमेसिस' ही लोखंडी वाफेची बोट ५६ मीटर लांब, पण पाण्यात बसायची जेमतेम १.८ मीटर. तळ सपाट. मार्च १८४१ मध्ये ती मकाववरून आतल्या उथळ फाट्यांतून, वाटेतली ठाणी उडवत वर गेली. ना वारा लागला, ना भरती, ना दरबारच्या परवान्याचा वाटाड्या. शंभर वर्षं ज्या तीन गोष्टींवर दरबाराची भिस्त होती त्या तिन्ही एका बोटीनं निरुपयोगी केल्या. (तह जिच्यावर झाला ती 'कॉर्नवॉलिस' युद्धनौका १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली, सागवानी. हेही आपल्या अंगणातलंच.)

कागदपत्री

म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो. २९ ऑगस्ट १८४२ च्या तहानं पाच बंदरं उघडली आणि हाँगांचा मक्ता संपवला. दहा-बारा वर्षांत चहा-रेशमाच्या निर्यातीत शांघाय पुढं. हुकमाचा टेकू काढला आणि इमारत बसली. त्यात मेइलिंग खिंडीतले हमाल आणि उत्तर नदीवरचे नावाडी बेकार झाले ते वेगळंच. बादशाहीविरुद्धच्या तायपिंग बंडाला माणसं मिळाली त्यात दक्षिणेतल्या या बेकारीचा हात होता.

हिशेबनीस

इमारत बसली, माणसं बसली नाहीत. शांघायच्या परदेशी पेढ्यांचे कारभारी कोण होते ते बघा. कँटन आणि शेजारच्या श्यांगशान तालुक्यातले लोक. तांग तिंगशू हा श्यांगशानचाच, १८६३ मध्ये जार्डिन कंपनीचा शांघायचा कारभारी झाला आणि दहा वर्षांत चीनच्या पहिल्या मोठ्या आगबोट कंपनीचा प्रमुख. भाव कसा ठरवायचा, चहाचा नमुना कसा चाखायचा, गोऱ्या माणसाशी मोडक्या इंग्रजीत सौदा कसा करायचा ही सगळी विद्या कँटनहून गेली. शांघायला नदी मिळाली होती, कारभार जाणणारे लोक ग्वांगझूनं पुरवले.

सुकाणू

कागदपत्री, शांघायचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते वर आलं कारण यांगत्सेचं मुख आणि रेशमाचा मुलूख शेजारी. हुकूम हटला आणि भूगोल बोलला! आणि ग्वांगझू संपलंही नाही. १८५६ च्या डिसेंबरात तेरा वखारी जळाल्या, वर्षभरानं शहर इंग्रज-फ्रेंचांच्या हाती गेलं, राज्यपाल ये मिंगछेनला कैद करून कलकत्त्याला नेलं आणि तो तिथंच मेला. शामियान बेटावर परकी वसाहत झाली. १९२५ च्या २३ जूनला त्याच बेटासमोर मोर्चावर गोळ्या चालल्या आणि हाँगकाँग-कँटन संप १९२६ च्या ऑक्टोबरपर्यंत लांबला. एवढं सोसूनही १९५७ मध्ये नव्या सरकारनं परदेशी व्यापाराचा मेळा भरवायला जागा निवडली ती हीच. वसंत आणि शरद, वर्षातून दोनदा. शांघाय नाही, थ्येनजिन नाही.

कागदपत्री

अमेरिकेची व्यापारबंदी होती आणि हाँगकाँग शेजारी होतं म्हणून. आणि तो मेळासुद्धा सरकारनं नेमून दिलेला एकच दरवाजा होता, १७५७ सारखाच. दरवाजे वाढवायचे ठरल्यावर पहिले विशेष आर्थिक विभाग मिळाले शेंझेन, झूहाय, शांतौ आणि शियामनला. ग्वांगझूचा नंबर १९८४ च्या १४ खुल्या शहरांत लागला. तोवर शेंझेन कुठल्या कुठं गेलं होतं.

नांगरणी

शेंझेन वाढलं ते हाँगकाँगला खेटून आहे म्हणून. विशेष विभाग शांतौलाही मिळाला होता, त्याचं शेंझेन झालं नाही. एकाच हुकमाची दोन शहरांतली फळं इतकी वेगळी असतील तर हुकमाशिवाय आणखी काहीतरी मोजावं लागेल.

भरतीओहोटी

आजच्या बंदराबद्दल थोडं, कारण सगळे १९८४ वर थांबलेत. पात्र गाळानं भरत गेलं तसं बंदर खाली सरकत गेलं. शहराचा घाट, मग हुआंगपू, मग नवं हुआंगपू, शिनशा, आणि २००४ पासून नानशा, जे हूमनच्याही खाली जवळजवळ खाडीच्या मुखाशी आहे. २०१७ मध्ये इथं वीस फुटी मापानं २ कोटींवर कंटेनर हाताळले गेले. पण गाळ काढणारी जहाजं थांबली की वाट पुन्हा भरते, आणि पोटभर भरलेली मोठी जहाजं अजूनही भरतीची वेळ साधून आत घेतात. लिंतिन बेट याच जलमार्गावर आहे. अफूची कोठारं जिथं नांगरून असायची त्याच्या बाजूनं आज नानशाची कंटेनर जहाजं वर चढतात.

माळवी

नानशाच्या या जलमार्गावर मोठं जहाज एका भरतीला किती तास धरू शकतं? व्हाम्पोआच्या दांड्यांशी तुलना करायची तर ते लागेल.

भरतीओहोटी

जहाज किती भरलंय त्यावर. हलकं असेल तर भरती पाहावीच लागत नाही. भरलेल्याला भरतीच्या शिखराच्या आगेमागेचा वेळ, आणि समोरून मोठं जहाज येत नसावं हे वेगळं बघावं लागतं. व्हाम्पोआला शिडाच्या जहाजाला वारा आणि भरती एकत्र जुळायला लागायचे. आता फक्त भरती लागते, पण खोली दांड्यांपाशीच नाही तर सगळ्या वाटभर राखावी लागते.